पत्र्यावरून वाहून जाणारं पिण्याचं पाणी

मराठवाड्यात पाण्यावर बोलणं निघालं की ते धरणापासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतं. जायकवाडीत किती टक्के साठा आहे, वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सुटलं, अकरा धरणं जोडणाऱ्या वॉटर ग्रीडचं काय झालं, कोकणातून समुद्राला जाणारं पाणी गोदावरीत कधी वळणार. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याची. गेली बरीच वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेड शहराबाहेरच्या टेकड्यांत राहते. घरच्यांशी फोनवर बोलताना आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर उन्हाळा लागला की पेटणारे वाद वाचताना मला दरवर्षी एकच गोष्ट खटकते. घराच्या छपराचं नाव त्यात कुणी काढत नाही. निघालंच तर 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' म्हणजे एक पाइप आणि एक शोषखड्डा, एवढ्यावर विषय मिटतो.

मला वाटतं, आपल्याकडे छपरावरचं पाणी आधी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी बंद टाकीत साठवायला हवं. जमिनीत मुरवायचं ते त्यानंतर उरलेलं. आणि टाकीचा खर्च गरिबाच्या घरकुलात, सरकारी अनुदानातच धरलेला असायला हवा.

आमच्या इथल्या घराला नळजोडणी नाही. शहराची पाइपलाइन आमच्या रस्त्यापर्यंत येतच नाही, आणि या टेकड्यांमधल्या पुष्कळ घरांचं असंच आहे. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून घरामागच्या दोन टाक्यांत पडतं. एकेक टाकी साडेबावीस हजार लिटरची. अंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक, पिणं, सगळं त्यातच भागवायचं. पंप सुरू केला की नळाला पाणी येतं. इथे घर बघायला गेलेला माणूस छप्पर आणि टाकी बघतो, पन्हळी गंजल्यात का ते बघतो, आणि मग खोल्यांकडे वळतो. पाऊस किती? ॲडलेड शहरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्या टेकड्यांत सातशे-आठशे. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आभाळाकडून मिळणारं माप जवळपास सारखंच. इथेही उन्हाळ्याचे महिने कोरडे जातात. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. तरीही इथलं घर पाऊस साठवून राहतं, आणि माझ्या माहेरी मार्च उजाडला की भावजय टँकरच्या आवाजाकडे कान लावून बसते.

ही तुलना मी केली की धाकटा भाऊ लगेच अडवतो. "आक्का, तिथली छपरं बघ आणि आपली बघ." त्याचं बरोबर आहे. याच ठिकाणी परदेशातून दिलेले बरेच सल्ले घसरतात, म्हणून हिशेब नीट मांडते. आमच्या घराचं आणि शेडचं मिळून छप्पर अडीचशे चौरस मीटरच्या घरात जातं, आणि त्याखाली माणसं चार. गावाकडे प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल २५ चौरस मीटरचं, आणि माणसं पाच-सहा, कधी आठ. पाऊस सारखा असला तरी दरडोई छप्पर दहा पटींहून कमी. माणशी ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं रोजचं माप धरलं तर पाच जणांच्या घराला वर्षाला एक लाख लिटर पाणी लागतं. एवढं पाणी घरकुलाच्या छपरातून कधीच मिळणार नाही. जो कुणी गावकऱ्यांना सांगतो की छपरावरचं पाणी साठवा आणि नळयोजना विसरा, तो त्यांची फसवणूक करतो.

पण प्यायला आणि शिजवायला किती लागतं? माणशी आठ लिटर धरा, पाच जणांना रोज चाळीस. पाऊस संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंत आठ महिने, म्हणजे २४० दिवस. ९,६०० लिटर. आता छपराकडे बघू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. सांडलवंड, पहिलं धुवण, बाष्पीभवन यांत वीस टक्के गेले असं धरलं, तर ६०० मिलिमीटर पावसात २५ चौरस मीटरचं घरकुल १२,००० लिटर देतं. ज्या वर्षी पाऊस निम्म्यावर येतो आणि पेपरात दुष्काळाच्या बातम्या सुरू होतात, त्या वर्षीही ६,००० लिटर. म्हणजे दुष्काळातसुद्धा पाच महिन्यांचं पिण्याचं पाणी त्या लहानशा पत्र्यावर पडून अंगणातून वाहून जातं.

मला हा हिशेब सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण धरणाचा हिशेब असा चालत नाही. पाऊस निम्मा झाला तर धरणात निम्मं पाणी येत नाही. कोरडी जमीन आधी आपली तहान भागवते, वरचे बंधारे आणि शेततळी आपापलं धरून ठेवतात, आणि नदी वाहायलाच लागत नाही. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण मृतसाठ्याखाली, म्हणजे दारांतून पाणी सुटत नाही इतकं खाली, जातं ते यामुळेच. पत्र्याला मात्र तहान नसते. त्यावर पाव इंच पाऊस पडला तरी तो पन्हळीपर्यंत पोहोचतो.

लातूर आठवा. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे मराठवाड्यात सरासरीच्या चाळीस टक्के कमी गेले. मार्च २०१६ मध्ये लातूरमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका फेरीला पंचवीस लाख लिटर. ज्यांनी ती गाडी चालवली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार होती. म्हणजे पंचवीस लाख लिटरची पूर्ण गाडी रोज आली तरी माणशी साडेसहा लिटर. आता त्याच शहरातलं हजार स्क्वेअर फुटांचं एक घर घ्या. २०१५ चा पाऊस ४०० मिलिमीटर धरला, तर त्या एका स्लॅबवरून तीस हजार लिटरच्या आसपास पाणी खाली आलं. रेल्वेने जे माप दिलं त्या मापाने पाच जणांच्या घराला ते जवळपास अडीच वर्षं पुरलं असतं. ते गटारातून गेलं, आणि सहा-सात महिन्यांनी साडेतीनशे किलोमीटरवरून रूळांवरून पाणी आणलं गेलं.

लातूर, बीड, जालना, धाराशिव या शहरांत टाक्या नाहीत असंही नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं म्हणून नवीन घर बांधताना लोक पायाबरोबर जमिनीखालचा हौद बांधूनच घेतात. दहा हजार लिटरचा, कुठे पंधरा हजारांचा. सगळ्यांत खर्चाची वस्तू लोकांनी स्वतःच्या पैशाने आधीच करून ठेवली आहे. फक्त त्या हौदाला टँकरचा पाइप जातो, छपराचा जात नाही. माझ्या मामांच्या घरी मी हे डोळ्यांनी पाहिलं: स्लॅबवरचं पाणी पाइपने थेट रस्त्यावर सोडलेलं, आणि त्या पाइपापासून चार पावलांवर हौदाचं झाकण. मध्ये एक गाळणी, एक वळणाचा पाइप आणि पहिलं पाणी बाहेर काढायची एक तोटी, एवढंच घालायचं होतं. मामांनी ते करून घेतलंही. पण शहरभर असे किती हौद असतील, आणि त्यांतले किती अजून टँकरचीच वाट बघत असतील?

आता शोषखड्ड्याबद्दल. पाणी जमिनीत मुरवणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. कडवंचीसारख्या जालना जिल्ह्यातल्या गावाने पाणलोटाची कामं नेटाने करून काय साधलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. माझा आक्षेप घराच्या छपरावरचं स्वच्छ पाणी खड्ड्यात सोडून समाधान मानण्याला आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत पाणी राहतं, ते फार नसतं, आणि एका जागी थांबतही नाही. तुम्ही मुरवलेलं पाणी ज्याची बोअर सगळ्यांत खोल त्याच्याकडे जातं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या तालुक्यात आज सहाशे-आठशे फुटांच्या बोअरबद्दल लोक उघड बोलतात. अशा ठिकाणी भूमिहीन बाईच्या पत्र्यावरचं पाणी शोषखड्ड्यात सोडणं म्हणजे तिच्या वाट्याचं पाणी बागायतदाराच्या उसाला देणं. तेच पाणी तिच्या दाराशी कुलूपबंद टाकीत असेल तर ते तिचं राहतं.

मुरवणं आणि साठवणं यांत आणखी एक फरक आहे, तो मला इथे राहिल्यावर कळला. महाराष्ट्राने २००५ मध्ये शहरांतल्या ठरावीक आकाराच्या नव्या बांधकामांना पाऊसपाणी संकलन सक्तीचं केलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००६ पासून नव्या घरांना जादा पाण्याची सोय सक्तीची केली. बहुतेक घरांनी त्यासाठी हजार लिटरची टाकी बसवली आणि ती संडासाला, कपडे धुण्याच्या मशिनला किंवा गरम पाण्याच्या बंबाला जोडली. दोन्ही नियम एकाच सुमाराचे. एक बराचसा कागदावर राहिला आणि दुसरा रुजला. लोक म्हणतात, तिकडची माणसं शिस्तीची. मला ते पटत नाही. इथली टाकी रोजच्या वापराला जोडलेली आहे. ती बिघडली की त्याच दिवशी घरातल्या माणसाला कळतं. शोषखड्डा गाळाने बुजला तर कोणाला कळणार? ना घरमालकाला, ना नगरपालिकेला. पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता फोटो काढला की त्याचं काम संपतं. घरात कुणी ग्लासभर पाणी त्यातून पीत असतं तर कुणीतरी त्याची काळजी घेतली असती.

पिण्याचा विषय निघाला की भावजयीचा प्रश्न येतो, आणि तो सगळ्यांत रास्त आहे. "वन्सं, ते साठलेलं पाणी लेकरांना पाजायचं का?" पावसाचं पाणी प्यायल्याने सर्दी होते ही समजूत घरोघरी आहे, त्यात पत्र्यावर कबुतरं, माकडं, धूळ. तिला मी ॲडलेडमधला एक अभ्यास सांगितला. टाकीचं पावसाचं पाणी न गाळता पिणारी तीनशे घरं त्यांनी घेतली. काहींच्या नळाला खरी गाळणी बसवली आणि काहींच्या नळाला दिसायला तशीच पण काही न गाळणारी. कुणाकडे कुठली आहे हे घरच्यांना माहीत नव्हतं. वर्षभर पोटाच्या तक्रारी मोजल्या. २०११ मध्ये निष्कर्ष आले, त्यात दोन्हींत दखल घेण्यासारखा फरक दिसला नाही. तरीही इथलं आरोग्य खातं सांगतं की शहराच्या नळाचं पाणी मिळत असेल तर पिण्यासाठी तेच वापरा. मग आपल्याकडे, जिथे शेण, धूळ आणि उघड्यावरची घाण जवळ आहे, तिथे पाणी उकळून किंवा क्लोरिन घालूनच प्यावं असं मी तिला ठामपणे सांगितलं. पण ती आज काय पिते? गावातल्या जारच्या प्लांटचं पाणी. तो प्लांट बोअर उपसतो, त्यातलं बरंच पाणी गाळून फेकून देतो आणि उरलेलं थंड करून विकतो. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर बसतो. नांदेडकडच्या काही गावांत फ्लोराइडने माणसांची हाडं वाकली आहेत. पावसाच्या पाण्यात क्षार आणि फ्लोराइड जवळजवळ नसतात. त्यात जे जंतू येतात त्यांवर उपाय घरच्या घरी होतो. फ्लोराइडवर घरगुती उपाय सोपा नाही.

करायचं कसं, हे आपल्याच नक्षत्रांच्या भाषेत सांगता येतं. मे महिन्यात स्लॅब किंवा पत्रा झाडून काढायचा, पन्हळीतला पाचोळा काढायचा. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस टाकीत घ्यायचेच नाहीत, छप्पर धुऊन जाऊ द्यायचं. त्यानंतरही प्रत्येक पावसाचं पहिलं पाणी तोटीने बाजूला काढायचं; २५ चौरस मीटर छपराला पन्नास लिटर काढलं तर भरपूर झालं. पावसाळ्यातल्या उघडिपीत टाकी एकदा रिकामी करून धुवायची, आणि वर्षाचा साठा उत्तरा-हस्ताच्या पावसात भरायचा, तोवर छप्पर लख्ख झालेलं असतं. पाऊस लवकर रुसणार अशी लक्षणं दिसली तर मात्र हस्ताची वाट बघायची नाही, येईल ते घ्यायचं. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी. हे शेवटचं मी दोनदा सांगते, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. उघडी टाकी ठेवण्यापेक्षा टाकी नसलेली बरी. ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा रंगाची पापुद्री सुटलेलं छप्पर असेल तर ते पाणी पिण्याला घेऊ नये, भांड्यांना-धुण्याला वापरावं. आणि जुनं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असेल तर त्याच्या पांढऱ्या मातीतून आलेलं पाणी पिण्याजोगं होत नाही. तिथे वेगळा पत्र्याचा मांडव घालावा लागेल.

मला सगळ्यांत जास्त आठवतात ती ऊसतोडीला जाणारी घरं. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे गावात पाणी असतं तेव्हा ती गावात नसतात, आणि परततात तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. सहा महिने कोयता चालवून आलेली बाई दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन रांगेत उभी राहते, आणि त्या रांगेत तिचा नंबर शेवटचा असतो, कारण वस्ती गावाच्या कडेला आणि टँकर गावाच्या मध्यात. या घरांसाठी टाकीचा हिशेब वेगळाच होतो. त्यांना आठ महिन्यांचा साठा लागत नाही. मार्चचा शेवट, एप्रिल, मे आणि निम्मा जून, साधारण ऐंशी-नव्वद दिवस, रोज चाळीस लिटर. ३,६०० लिटर. पाच हजार लिटरची बंद टाकी पुरते, आणि घरकुलाच्या छपरावर दुष्काळी वर्षातही ती भरून उरते. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं मागे राहत असतील तर त्यांच्यापुरतंही थोडं त्यातून निघतं. सप्टेंबरात भरून, झाकून, कुलूप लावून ठेवलेलं पाणी सहा महिने टिकतं; प्यायच्या आधी क्लोरिन घालायचं. अशी टाकी साधारण सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच होते. जाळी आणि सिमेंटची, गवंड्याला शिकवता येईल अशी. भिंतीला लागून उभी राहील एवढी जागा वस्तीवरच्या बहुतेक घरांना असते.

खर्चाचं मात्र मी हलकं करून सांगणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं मूळ अनुदान आहे. त्यात भिंती उभ्या करता करता माणूस कर्जात जातो. वर टाकी बांध म्हणणं हे त्याच्यावर ओझं आहे. म्हणून मी म्हणते की टाकी घरकुलाच्या आराखड्यातच हवी आणि तिचे पैसे अनुदानात वेगळे हवेत, जसे शौचालयाचे वेगळे धरले गेले. दरवर्षी टँकरवर सरकार जो खर्च करतं तो जूनमध्ये वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो. टाकी मागे राहते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी इथल्या गेल्या काही काळाने दाखवली. २०२४-२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात पाऊस फारच कमी झाला. आमच्या टेकड्यांतल्या कितीतरी घरांच्या टाक्या आटल्या. पाण्याचा टँकर मागवला तर आठवडे थांबावं लागू लागलं, आणि राज्य सरकारला पाणी भरून घेण्यासाठी जादा ठिकाणं उघडावी लागली. श्रीमंत देशात, मोठ्या छपराखाली राहूनही, फक्त पावसावर विसंबलेलं घर लागोपाठच्या कोरड्या काळात टिकलं नाही. ॲडलेड शहर मात्र तगलं, कारण त्याच्याकडे मरी नदीची पाइपलाइन आहे आणि २०११ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग माझंच खरं ना? मोठ्या योजनेशिवाय भागत नाही." भागत नाहीच. अंघोळ, धुणं, गुरं, भांडी यांना नळयोजना लागणार, आणि नळयोजनेला खात्रीचं धरण लागणार. जायकवाडीत साठा ठरलेल्या टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावं हा समन्यायी वाटपाचा नियम मराठवाड्याने भांडून मिळवला आहे, तो सोडायचं कारण नाही. पण आमच्या टेकड्यांत टाक्या आटल्या तेव्हा सरकारला फक्त त्या घरांपुरतीच सोय करावी लागली. तालुकेच्या तालुके टँकरवर आले नव्हते. दुष्काळात दहा हजार घरांऐवजी दोन हजार घरांना पाणी पुरवायचं असेल तर तहसील कार्यालय ते काम नीट करू शकतं. आज ते कोलमडतं, कारण पाण्याच्या थेंबाथेंबासाठी सगळी गावं एकाच वेळी दारात उभी असतात.

ग्रुपवर एका चुलत भावाने लिहिलं होतं की टाक्यांची चर्चा म्हणजे उसापासून आणि धरणापासून लक्ष काढून घेणं. त्याची शंका मी गंभीरपणे घेते, कारण असं होताना आपण पाहिलं आहे. शेततळ्यांची योजना पावसाचं पाणी धरायला आली, आणि कितीतरी प्लास्टिकची शेततळी विहिरी-बोअर उपसून भरली गेली. पण टाक्यांच्या बाबतीत मला उलट वाटतं. मे महिन्यात घशाला कोरड पडलेली असताना ऊस किती लावायचा, कारखाने कुठे असावेत, खोल बोअर कोण पाडतं, यावर गावात शांतपणे बोलताच येत नाही. त्या वेळी एकच मागणी उरते, टँकर पाठवा. टँकर येतो, पाऊस पडतो, आणि उसाचा प्रश्न पुढच्या मेपर्यंत तसाच राहतो. ज्या घरात पिण्याचं पाणी आहे त्या घरातली बाई ग्रामसभेला येऊन बसू शकते आणि विचारू शकते की गावच्या तलावात मोटारी कुणाच्या आहेत.

राजस्थानात बाडमेर-बिकानेरकडे मराठवाड्याच्या निम्म्याहून कमी पावसात घराघरांत टांके, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचे जमिनीखालचे हौद, आहेत. मिझोरामच्या ऐझॉलमध्ये डोंगरउतारावरच्या घरांना छपराखाली टाक्या आहेत. आपल्याकडे किल्ल्यांवर आणि लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, ती पावसावरच भरत आली. तेव्हा हे परदेशातून आणून लादायचं काही नाही. इथून घेण्यासारखं एवढंच की घर आणि टाकी यांना वेगळं मानू नये.

आम्हा बाहेर राहणाऱ्यांकडून गावाकडे पैसे जातात. इथल्या मंडळांतही मराठवाड्याच्या पाण्यासाठी वर्गणी होते, आणि ती बहुतेक नाला खोलीकरणाला जाते, कारण तिथे जेसीबी दिसतो, पाणी साठल्याचा फोटो येतो. त्यातली निदान निम्मी रक्कम भूमिहीन आणि ऊसतोड घरांच्या टाक्यांना जावी असं मी इथल्या लोकांना सांगत आले आहे. काहींना ते पटतं, काही म्हणतात की खाजगी घरात सार्वजनिक पैसा कशाला. गावाच्या विहिरीवर आणि तलावावर ज्यांचा कधी पूर्ण हक्क चालला नाही, त्या घरांकडे सार्वजनिक पाणी पोचण्याची वाट अजून किती वर्षं बघायची, याचं उत्तर मला त्यांच्याकडून मिळालेलं नाही.

भावाने यंदा जुन्या घराच्या ओसरीवरच्या पत्र्याला पन्हळी लावायला घेतल्या आहेत. टाकी कुठे उभी करायची यावर त्याचं आणि भावजयीचं अजून एकमत नाही. त्याला ती गोठ्याकडे हवी, तिला चुलीजवळ. मी तिच्या बाजूची आहे. पाणी उकळायचं आणि शिजवायचं तिलाच आहे, आणि गोठ्याजवळच्या टाकीत वर्षभरात गुरांच्या पाण्याची घागर बुडाल्याशिवाय राहणार नाही. हस्त लागायच्या आधी गवंडी मिळाला पाहिजे.